माग थांबला की कळतं: माझा छोटा हायपरवायझर आणि इंटरप्टचा हिशोब

आमच्या आप्पांनी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं माग चालवले. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा मला एकच कोडं पडायचं, इतका खडखडाट की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि आप्पा पाठमोरे उभे असले तरी चारातला कुठला माग थांबला ते त्यांना लगेच कळायचं. बाण्याचा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली की मागाला असलेला एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो, मग आप्पा बरोबर त्याच मागाकडे वळायचे. विचारलं की म्हणायचे, "आवाज कमी झाला की कळतंय की गं. एकेकाकडं बघत फिरलो तर कापड कधी निघायचं?"

गेल्या दिवाळीपासून मी रात्री जेवणं झाली की एक छोटा हायपरवायझर लिहितेय, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्राम. आतल्याला गेस्ट म्हणतात, बाहेरच्याला होस्ट. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यासाठी केव्हीएम नावाची सोय असते तिच्यावर, रस्ट या भाषेत. दिवसा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून चालतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे निव्वळ मला मशीन आतून समजून घ्यायचं होतं म्हणून. मेमरी लावणं, कर्नल लोड करणं, व्हीसीपीयू, म्हणजे गेस्टला दिसणारा प्रोसेसर, चालू करणं हे सगळं आठ-दहा रात्रींत झालं. बाकीचे सगळे महिने गेले ते एकाच गोष्टीत, डिव्हाइसने गेस्टला "माझ्याकडे काम आलंय" हे कसं सांगायचं, म्हणजे इंटरप्ट. आप्पा मध्येच उठून पाणी प्यायला यायचे आणि विचारायचे, "अजून काय करायलीस गं?" तेव्हा मी त्यांना मागाचंच उदाहरण देऊन सांगायचे आणि खरं सांगू का, त्यांना सांगता सांगता मलाच बऱ्याच गोष्टी सुटसुटीत झाल्या.

आधी मूळ अडचण काय ते सांगते. खऱ्या मशीनमध्ये नेटवर्क कार्डाकडे पॅकेट आलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतं, प्रोसेसर हातातलं काम ठेवून हँडलरमध्ये जातो, काम उरकतो, इंटरप्ट कंट्रोलरला "झालं" असं कळवतो, त्याला ईओआय म्हणतात, आणि परत पहिल्या कामाला लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये कार्ड नाहीच, कार्ड असल्याचं काम माझा प्रोग्राम करतो. इंटेलने २००५ मध्ये प्रोसेसरमध्येच यासाठी व्हीटी-एक्स आणलं आणि एएमडीने २००६ मध्ये त्यांचं, तेव्हापासून गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर पूर्ण वेगात पळतो, ते फार छान आहे, पण गेस्टने जर एखाद्या खोट्या डिव्हाइसच्या रजिस्टरला (डिव्हाइसशी बोलायच्या ठरावीक जागेला) हात लावला तर प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडून होस्टकडे येतो. याला एक्झिट म्हणतात. होस्टने ते रजिस्टर असल्यासारखं उत्तर द्यायचं आणि परत गेस्टमध्ये जायचं. ही एक ये-जा साधारण हजार ते दोन हजार सायकल खाते, आणि तीसुद्धा काम कर्नलमधल्या केव्हीएमनेच उरकलं तर. माझ्या प्रोग्रामपर्यंत, म्हणजे युजरस्पेसपर्यंत यावं लागलं तर त्याच्या कितीतरी पट.

आता नुसता गुणाकार करून बघा. एक गिगाबिटची लाइन १५०० बाइटच्या पॅकेट्सनी भरून वाहिली तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट्स येतात. प्रत्येक पॅकेटला एक इंटरप्ट आणि प्रत्येक इंटरप्टला तीन एक्झिट धरल्या तर सेकंदाला २ लाख ४३ हजार एक्झिट. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर एक एक्झिट अर्ध्या मायक्रोसेकंदाची धरली तरी एका कोअरचा १२ टक्के वेळ नुसता दारातून आत-बाहेर करण्यात जातो. आणि १० गिगाबिटला तोच हिशोब लावला तर दर सेकंदाला १.२ सेकंद लागतात, म्हणजे जमणारच नाही. हा गुणाकार मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. त्यानंतर जे जे केलं ते या गुणाकारातला कुठला ना कुठला आकडा खाली आणायलाच.

सुरुवात सिरियल पोर्टनं झाली, कारण गेस्टचा बूट लॉग दिसायला ते लागतंच. जुनी ८२५० चिप, पोर्ट हेक्स ३एफ८, आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टच्या लाइनचा नंबर, ४. गेस्ट एक अक्षर पाठवायच्या आधी "पाठवू का" म्हणून एक रजिस्टर वाचतो, मग अक्षर लिहितो, म्हणजे एका अक्षराला दोन एक्झिट आणि दोन्ही थेट माझ्या प्रोग्रामपर्यंत येणाऱ्या. बूट लॉगच्या शेकडो ओळी आणि प्रत्येक ओळीत पन्नास-साठ अक्षरं. कर्नलला लॉग कमी छापायचा "क्वाएट" पर्याय दिला आणि बूट एकदम झरझर झालं तेव्हा मला पहिल्यांदा एक्झिट म्हणजे काय ते अंगाला जाणवलं. सिरियलला मी नंतर हात लावला नाही, कन्सोलला तेवढं पुरे.

खरी झटापट नेटवर्कपासून. इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे खऱ्या कार्डाची नक्कल करायची, क्यूएमू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये इंटेलचं ई१००० कार्ड आहे तसं. फायदा असा की गेस्टमध्ये ड्रायव्हर आधीच असतो. पण ते कार्ड खऱ्या तारांसाठी आणि खऱ्या सिलिकॉनसाठी बनवलंय, तिथे रजिस्टर वाचणं फुकटासारखं, म्हणून त्याचा ड्रायव्हर प्रत्येक इंटरप्टला कारण विचारायला एक रजिस्टर वाचतो, इंटरप्ट मास्क, म्हणजे तात्पुरते बंद, करायला दुसरं लिहितो, परत उघडायला तिसरं. आपल्याकडे यातलं प्रत्येक म्हणजे एक्झिट. दुसरा रस्ता व्हर्टआयओ, रस्टी रसेल यांनी २००७-०८ मध्ये मांडलेला, की असं डिव्हाइस बनवा जे जगात कुठेच नाही, जे व्हर्च्युअल मशीनसाठीच जन्मलंय, मेमरीत दोघांना दिसणारी एक रिंग ठेवा, गेस्टने बफर ठेवायचे, होस्टने भरून परत द्यायचे, आणि एकमेकांना हाक मारायची ती गरज असेल तेव्हाच. मी दुसरा घेतला, आणि त्यातही सोपा प्रकार, व्हर्टआयओ-एमएमआयओ, कारण त्यात पीसीआयची, म्हणजे कार्डं जोडायच्या नेहमीच्या पद्धतीची, भानगड नाही.

आणि इथेच मी चार रात्री अडकले.

गेस्ट बूट व्हायचा, नेटवर्क यायचं, एक पिंग जायचा, आणि मग काही सेकंद सगळं गोठायचं, आणि लॉगमध्ये एक ओळ यायची की अमुक आयआरक्यू, "नोबडी केअर्ड". मग त्या आयआरक्यूला कर्नल बंदच करून टाकायचं आणि नेटवर्क गेलं ते गेलंच. मी आधी रिंगच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. दोन रात्री रिंग वाचली, काही नाही. तिसऱ्या रात्री मी नुसत्या इंटरप्ट हँडलरच्या कॉल मोजल्या आणि बघते तर पिंग एकच आणि इंटरप्ट एक लाख.

झालं असं होतं. इंटरप्टची लाइन दोन प्रकारची असते. एक एज, म्हणजे खालून वर गेली त्या क्षणी एकदा वाजणार. दुसरी लेव्हल, म्हणजे वर आहे तोपर्यंत वाजत राहणार, डिव्हाइसने ती खाली आणेपर्यंत. मी गेस्टला ती लाइन लेव्हल आहे असं सांगितलं होतं, केव्हीएमला सांगून वर नेली होती, आणि गेस्टने "मिळालं" म्हणून पोचपावतीच्या रजिस्टरमध्ये, ते हेक्स ६४ वर असतं, लिहिल्यावर मी स्टेटसचा बिट साफ करत होते पण लाइन खाली आणतच नव्हते. मग गेस्टने ईओआय दिला की आयओएपिक, म्हणजे या लाइन सांभाळणारा इंटरप्ट कंट्रोलर, बघतं, लाइन वर आहे, म्हणजे अजून काम आहे, परत इंटरप्ट. हँडलर स्टेटस वाचतो, शून्य, म्हणतो हे माझं नाही. परत ईओआय, परत इंटरप्ट. लिनक्स कर्नल याची मोजदाद ठेवतं, एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० वेळा कोणीच "माझं" म्हटलं नाही तर ते ती लाइन बंद करतं, आणि तेव्हाच ती ओळ छापतं. म्हणजे कर्नलने मला व्यवस्थित सांगितलं होतं, मीच ते वाक्य नीट वाचलं नव्हतं.

सकाळी चहाला आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले की माग थांबल्याचा दिवा चालू राहिल्यासारखं झालं की, माग तर चालूय आणि माणूस परत परत येऊन बघून जातोय. अगदी तेच.

लाइन खाली आणायची ओळ घातली आणि चाललं. पण चाललं तरी मला ते आवडलं नाही, कारण आता एका इंटरप्टचा हिशोब बघा: लाइन वर करायला माझा एक सिस्टिम कॉल, गेस्ट दुसऱ्या कोअरवर पळत असेल तर त्याला ढोसून बाहेर काढायला एक एक्झिट, स्टेटस वाचायला एक, पोचपावती लिहायला एक, लाइन खाली करायला परत माझा सिस्टिम कॉल, आणि ईओआयची एक. त्यात गेस्टने त्या घटकेला इंटरप्ट बंद करून ठेवले असतील तर तो परत उघडेल तेव्हा कळावं म्हणून आणखी एक. एका पॅकेटसाठी एवढा व्याप. होस्टवर पर्फ केव्हीएम स्टॅट ही कमांड चालवून ठेवली की कुठल्या कारणाने किती एक्झिट झाल्या त्याचा तक्ता समोर येतो, ज्यांना या विषयात उतरायचंय त्यांनी कोड वाचायच्या आधी आपल्या मशीनवर हा तक्ता बघावा असं मला मनापासून वाटतं, अंदाज आणि तक्ता यात माझ्या बाबतीत तरी दर वेळी फरक निघाला.

यातला पहिला मोठा उतार मिळाला तो इव्हेंटएफडीमुळे, म्हणजे एकाने खूण केली की दुसरा जागा होईल अशा लिनक्समधल्या सोयीमुळे. केव्हीएम लिनक्स २.६.२० मध्ये, २००७ साली आलं, आणि २००९ च्या सुमारास ग्रेगरी हास्किन्स यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या, आयआरक्यूएफडी आणि आयओइव्हेंटएफडी. कल्पना इतकी साधी की मला ती वाचून बरं वाटलं. आयओइव्हेंटएफडीमध्ये तुम्ही केव्हीएमला आधीच सांगून ठेवता की गेस्टने अमुक पत्त्यावर लिहिलं तर मला उठवायला थांबू नको, या फाइल डिस्क्रिप्टरला (उघडलेल्या फाइलच्या नंबराला) फक्त खूण कर आणि गेस्टला लगेच परत आत पाठव. एक्झिट होतेच, पण ती कर्नलमध्येच संपते, व्हीसीपीयूचा थ्रेड अडकून पडत नाही, आणि माझा नेटवर्कचा थ्रेड दुसऱ्या कोअरवर आपापला जागा होतो. आयआरक्यूएफडी त्याच्या उलट दिशेला, माझ्या थ्रेडने एका डिस्क्रिप्टरमध्ये आठ बाइट लिहिले की कर्नल परस्पर इंटरप्ट घालतं. आणि याचा खरा फायदा पुढे कळतो, तो डिस्क्रिप्टर कोण लिहितंय याची केव्हीएमला फिकीर नसते, मी लिहू दे, नाहीतर कर्नलमधलाच दुसरा भाग लिहू दे. व्हीहोस्ट-नेट, जे २.६.३४ मध्ये २०१० ला आलं, ते याच जोरावर उभं आहे, सगळी पॅकेट्स कर्नलमध्येच हलतात, युजरस्पेसचा प्रोग्राम फक्त सुरुवातीला दोघांची ओळख करून देतो आणि बाजूला होतो.

पण स्टेटस वाचणं आणि पोचपावती लिहिणं उरलंच होतं. ते घालवायला शेवटी पीसीआय करावं लागलं, जे मी टाळत होते. पीसीआय का, तर एमएसआय-एक्ससाठी. जुन्या पद्धतीत आयआरक्यूची लाइन दोन-तीन डिव्हाइस वाटून घेतात म्हणून हँडलरला प्रत्येकाला "तू हाक मारलीस का" असं विचारावं लागतं. एमएसआयमध्ये लाइनच नसते, डिव्हाइस मेमरीत एका ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहितं, आणि तो आकडाच सांगतो कुठला वेक्टर, म्हणजे इंटरप्टचा कुठला नंबर. एमएसआय-एक्समध्ये एका डिव्हाइसला २०४८ पर्यंत वेक्टर घेता येतात, म्हणजे प्रत्येक रांगेला स्वतःचा. मग विचारायचं काही उरतच नाही, हँडलर आला म्हणजे काम याच रांगेत आहे. स्वभावानेच एज, त्यामुळे लाइन खाली आणायचीही नाही. पीसीआयचं कॉन्फिग स्पेस, बार, कॅपॅबिलिटीची साखळी हे सगळं लिहायला तीन आठवडे गेले, उन्हाळा सुरू झाला होता, रात्री अकरालाही गच्चीवर वारा नाही, पण ज्या दिवशी तक्त्यातल्या त्या दोन एक्झिट गायब झालेल्या बघितल्या त्या दिवशी मी एकटीच टाळी वाजवली.

आता उरला गुणाकारातला दुसरा आकडा, इंटरप्टची संख्याच. आमची आई विड्या वळायची, सोलापुरातल्या हजारो घरांसारखंच आमच्याही घरात सूप आणि तंबाखू असायचं. आई एकेक विडी वळली की ती घेऊन कारखान्यात पळायची नाही, दिवसाची हजार व्हायची, जुड्या बांधून व्हायच्या, मग एकदाच द्यायला जायची. मजुरीसुद्धा हजाराच्या हिशोबानं. नेटवर्क ड्रायव्हरमध्ये यालाच नॅपी म्हणतात, पहिल्या पॅकेटला इंटरप्ट घ्यायचा, लगेच पुढचे इंटरप्ट बंद करायचे, आणि रिंगमध्ये जितकी सापडतील तितकी पॅकेट्स, एका फेरीला ६४ पर्यंत, उचलत राहायची, रिंग रिकामी झाली की मगच इंटरप्ट परत उघडायचे. ट्रॅफिक कमी असताना हाकेची वाट बघायची, जास्त असताना हाकच नको. आणि व्हर्टआयओमध्ये हे बंद-उघड करायला एक्झिट लागत नाही, कारण तो फ्लॅग दोघांच्या मेमरीतच आहे. गेस्टने मेमरीत एक बिट लिहिला की मला दिसतो, मी इंटरप्ट पाठवत नाही. मला व्हर्टआयओमधला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

त्याच्यापुढे एक पायरी आहे, इव्हेंट इंडेक्स. त्यात गेस्ट नुसतं चालू-बंद न सांगता "अमुक नंबरच्या पलीकडे गेलास की हाक मार" असं लिहून ठेवतो. डिव्हाइसने जुना नंबर, नवा नंबर आणि गेस्टने मागितलेला नंबर असे तीन आकडे घेऊन एका ओळीची वजाबाकी करायची, मागितलेला नंबर मधे पार झाला असेल तरच इंटरप्ट. मी ते घातलं, इंटरप्ट एकदम उतरले, मी खूष. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेटवर्क लटकलं.

हा बग माझ्या आयुष्यातला सगळ्यात छळणारा होता. पाच-सहा तास व्यवस्थित चालायचं आणि मग गेस्टला पॅकेट येणंच बंद. रिंगमध्ये डोकावलं तर पॅकेट्स भरून ठेवलेली, गेस्ट निवांत झोपलेला. लॉग वाढवला की बग यायचाच नाही. साधा फ्लॅग वापरला की यायचा नाही, इव्हेंट इंडेक्स लावला की यायचा. दहा दिवस मी याच्यात होते, दिवसाच्या कामात लक्ष लागेना, एका मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "काय बे, झोप की आधी."

कारण असं निघालं. शेवटच्या टोकाला दोघंही एकाच वेळी दोन-दोन गोष्टी करत असतात. गेस्ट म्हणतो, रिंग रिकामी झाली, आता मला हाक मार असं लिहितो, आणि मग एकदा परत रिंग बघतो की लिहिता लिहिता काही आलं तर नाही ना. मी डिव्हाइसकडून नवा नंबर रिंगमध्ये लिहिते आणि मग गेस्टने हाक मागितलीय का ते वाचते. दोघांनी आधी लिहून मग वाचलं तर कोणाला तरी एकाला दुसऱ्याचं लिहिलेलं दिसणारच, हाक चुकणं शक्य नाही. पण एक्स८६ प्रोसेसर आधीचं लिहिणं स्वतःच्या बफरमध्ये ठेवून पुढचं वाचणं आधी उरकू शकतो, तेवढी एकच उलटापालट तो करतो आणि नेमकी तीच इथे नडते. मी लिहिलंय पण ते अजून गेस्टला दिसत नाही, आणि मी वाचलं ते जुनं, म्हणून मी हाक मारली नाही. तिकडे गेस्टने परत बघितलं, त्याला जुनाच नंबर दिसला, तो झोपला. साध्या फ्लॅगमध्येही ही चूक होतच होती, फक्त पुढच्या पॅकेटला मी फ्लॅग परत बघायचे आणि हाक जायची, म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. इव्हेंट इंडेक्समध्ये मात्र मागितलेला नंबर एकदा मागे पडला की पडला, तो १६ बिटांचा आकडा, पूर्ण ६५,५३६ चा फेरा होईपर्यंत परत पार होत नाही, आणि रिंग त्याच्या कितीतरी आधी भरून जाते. उपाय एका ओळीचा. लिहिणं आणि वाचणं यांच्या मध्ये एक पूर्ण मेमरी फेन्स, म्हणजे आधीचं लिहिणं दुसऱ्यांना दिसेपर्यंत पुढचं वाचू नको अशी प्रोसेसरला सूचना. गेस्टकडच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ती होतीच, माझ्याकडे नव्हती. ती घातल्यावर तीन दिवस सलग ट्रॅफिक सोडून ठेवला, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आले तरी चालूच होतं.

यानंतर सॉफ्टवेअरमध्ये करण्यासारखं फार उरत नाही, उरतात त्या दोन एक्झिट, एक गेस्टला ढोसून इंटरप्ट घालायची आणि एक ईओआयची. या घालवायच्या तर प्रोसेसरचीच मदत लागते. २०१२ मध्ये आयबीएमच्या हैफातल्या प्रयोगशाळेच्या आणि टेक्निऑन विद्यापीठाच्या लोकांनी एली नावाचा पेपर काढला होता, त्यांनी नुसत्या सॉफ्टवेअरच्या युक्तीने खऱ्या डिव्हाइसचे इंटरप्ट एक्झिटशिवाय गेस्टपर्यंत पोचवून दाखवले, तो वाचण्यासारखा आहे कारण त्यात नेमका वेळ कुठे जातो ते मोजून दाखवलंय. पुढे इंटेलने सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये एपिकव्ही दिलं, एएमडीचं त्यासारखंच एव्हिक. यात गेस्टच्या लोकल एपिकचं, म्हणजे त्या कोअरच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरचं, एक पान प्रोसेसर स्वतः सांभाळतो, ईओआय लिहिला की तिथेच मिटतो, होस्टला पत्ताही लागत नाही. आणि पोस्टेड इंटरप्ट, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूला मेमरीत ६४ बाइटचं एक पत्रक, त्यात २५६ वेक्टरांसाठी २५६ बिट. कोणाला इंटरप्ट द्यायचा असेल त्याने त्या पत्रकात बिट लावायचा आणि तो व्हीसीपीयू ज्या कोअरवर पळतोय त्याला एक खास वेक्टर पाठवायचा. कोअरला तो वेक्टर ओळखता येतो, तो गेस्टमधून बाहेर न पडता पत्रक वाचतो आणि गेस्टच्या हँडलरमध्ये सरळ उडी मारतो. मध्ये कोणी नाही. खरं कार्ड गेस्टलाच देऊन टाकलं असेल तर व्हीटी-डी, म्हणजे खरी डिव्हाइसं गेस्टला देण्यासाठीची इंटेलची सोय, त्या कार्डाचा एमएसआयसुद्धा थेट त्या पत्रकात टाकू शकतं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे नाही. केव्हीएम-इंटेल मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये एनेबल-एपिकव्ही बघितलं तर "एन". म्हणून मी तासाच्या भाड्याने एक सर्व्हर घेतला, तिथे "वाय" होता. माझ्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नाही, कारण आयआरक्यूएफडीमधून गेलेला इंटरप्ट पुढे कसा पोचवायचा हे केव्हीएम ठरवतं, आणि तक्त्यात बाहेरच्या इंटरप्टमुळे होणाऱ्या एक्झिटचा रकाना जवळजवळ आटला. इतक्या रात्रींनंतर तो रकाना तसा बघताना मला भरून आलं.

मग तक्त्यात वर राहिली ती हॉल्ट, म्हणजे प्रोसेसरला "थांब" म्हणायची सूचना. गेस्टला काम नसलं की तो हॉल्ट करतो, एक्झिट होते, होस्टचं शेड्युलर तो थ्रेड झोपवतं, आणि दहा मायक्रोसेकंदांनी पॅकेट आलं की त्याला परत उठवायचं, हे उठवणं एक्झिटपेक्षाही महाग. केव्हीएम यासाठी लगेच झोपवत नाही, थोडा वेळ, एक्स८६ वर जास्तीत जास्त २ लाख नॅनोसेकंद, तिथेच घुटमळत बघतं की काही येतंय का, आणि ही वाट बघण्याची वेळ अनुभवावरून कमी-जास्त करतं. हे आप्पांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाले, कांडी संपत आली की आम्ही लांब जातच नाही, जवळच उभारतो, कांडी हातात घेऊन. आणि बराच वेळ काही होणार नसलं तर? "मग बसतो की जरा." याची किंमतही आहे, घुटमळताना होस्टचा कोअर तापतोच, त्यावर दुसरा गेस्ट पळू शकला असता, त्यामुळे एका मशीनवर दाटीने गेस्ट बसवणाऱ्यांनी ती वेळ कमी करावी आणि ज्यांना एकाच गेस्टकडून झटपट उत्तर हवंय त्यांनी तशीच राहू द्यावी, यावर सगळ्यांना एक उत्तर नाही.

सध्या मी एका रांगेच्या अनेक रांगा करतेय, प्रत्येक व्हीसीपीयूला घेण्या-पाठवण्याची स्वतःची जोडी आणि स्वतःचा एमएसआय-एक्स वेक्टर, म्हणजे ज्या कोअरचं पॅकेट त्याच कोअरला हाक. दोन व्हीसीपीयूंवर चालतंय. चारांवर काल रात्री पॅकेट्स उलटसुलट क्रमाने येताना दिसली, एकाच कनेक्शनची पॅकेट्स मी दोन वेगळ्या रांगांत टाकतेय असं दिसतंय, रांग निवडताना पोर्ट नंबर धरलाच नव्हता बहुतेक. जेवण झालं की तेच उघडून बसते.